वीस वर्षं बिनपगारी

हैसम मुतवल्लीसारखा नक्षीवाला अख्ख्या दुमियातात नाही, असं म्हणायची सोय नाही. आमच्या गावात दगड भिरकावला तर तो कुठल्या तरी नक्षीवाल्याच्याच डोक्यात बसतो, आणि त्यातल्या प्रत्येकाच्या मते बाकीचे सगळे नुसते लाकूडफोडे. पण हैसमच्या हाताला नावं ठेवणारा अजून जन्माला यायचाय. सोफ्याच्या पाठीवर गुलाबाची वेल चढवावी तर त्यानंच. लहानपणी बापाच्या कारखान्यात भुशात लोळला, चौदाव्या वर्षी पटाशी हातात घेतली आणि चौतिसाव्या वर्षापर्यंत खाली ठेवली नाही. शुक्रवार सोडून रोज. ईदच्या तोंडावर तर शुक्रवारीसुद्धा.

आणि एवढं करून कागदोपत्री हा माणूस बेकार होता!

हे त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं. कळलं ते रिफअतच्या दुकानात. रिफअत म्हणजे झेरॉक्स काढणारा, फोटो काढणारा, आणि गेली दोनचार वर्षं लोकांना परदेशी धाडणारा. स्वतः कधी कैरोच्या पुढे गेला नाही, पण कॅनडातल्या थंडीबद्दल असा बोलायचा की ऐकणाऱ्यानं स्वेटर चढवावा. गल्लीतले निम्मे कारखाने तोवर बंद पडले होते. बाहेरचा तयार माल बंदरात उतरत होता, हातानं कोरलेल्या खुर्चीला गिऱ्हाईक नव्हतं, आणि जिथे करवती किंचाळायच्या तिथे आता पोरं हुक्का ओढत बसायची. तेवढ्यात आवई उठली की कॅनडाला लाकूडकाम जाणणारी माणसं पाहिजेत. हैसम गेला विचारायला.

"किती वर्षं काम केलंस?" रिफअतनं विचारलं.

"वीस."

"बास की! त्यांना दोनच पाहिजेत. मालकाचं पत्र आण. तास किती, पगार किती, काम काय, सगळं लिहिलेलं."

"मालक कसला? बापाकडे आहे मी."

"मग पगार?"

"लागले की घेतो. बाबा देतात. ते रागात असले तर आई देते."

"विमा?"

हैसम हसला. दुमियातात कारागिराचा विमा कोण काढतो?

रिफअत खुर्चीत मागे रेलला. "म्हणजे वीस वर्षं काम केलंस आणि दोन वर्षांचा पुरावा नाही. राजा, तुला लाडाचा मुलगा म्हणतात. लाडाच्या मुलांचा कोटा नाही कॅनडाला."

दुकानात आणखी दोघं होते, तेही हसले. हैसम त्यांच्याबरोबर हसला आणि बाहेर आल्यावर त्याचे कान तापले. चौतीस वर्षांचा बाप्या, आणि खिशातली नोट आईनं दिलेली. हे त्याला कधी बोचलं नव्हतं असं नाही. पण चारचौघांत कोणी मोठ्यानं म्हटलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? बाप आपला, कारखाना आपला, मागावं पत्र. हे म्हणणाऱ्यानं हाज मुतवल्लींना पाहिलेलं नाही. गुरुवारी संध्याकाळी मजुरी वाटायची वेळ झाली की म्हातारा टेबलामागे बसायचा, समोर कारागिरांची रांग, आणि हैसमनं बापाच्या उजव्या हाताला उभं राहायचं. चुकून एकदा तो बदीरशी बोलता बोलता रांगेच्या बाजूला उभा राहिला. बदीर म्हणजे पॉलिशवाला, हैसमच्या जन्माआधीपासून तिथलाच. तर म्हाताऱ्यानं पैसे वाटायचे थांबवले. "तिकडे कुठे? तू काय नोकर आहेस? इकडे ये." अशा माणसाला जाऊन सांगायचं की मी तुमचा नोकर होतो असं लिहून द्या? त्यापेक्षा भर बाजारात त्याच्या डोक्यावरची टोपी उडवलेली परवडली.

शिवाय पत्र कशाला हवं हे सांगावं लागलं असतं. दोन्ही बहिणी लग्न होऊन गेलेल्या. हा एकुलता एक मुलगा. हा गेला की कारखान्याला कुलूप. 'बाबा, मी जातो' हे वाक्य हैसमनं मनात कितीदा जुळवलं, पण बापासमोर ते तोंडातून बाहेर पडायचं नाही.

म्हणून त्यानं चोरी केली. दुसरा शब्द नाही त्याला. हाज मुतवल्लींना लिहिता येत नसे. सहीऐवजी नाव कोरलेली पितळी मोहोर, दोऱ्याला बांधून जाकिटाच्या आतल्या खिशात. दुपारच्या नमाजाआधी हातपाय धुवायला म्हातारा जाकीट खिळ्याला अडकवायचा. तेवढ्या वेळात हैसमनं मोहोर काढली, रिफअतनं छापून दिलेल्या पत्रावर उमटवली आणि परत ठेवली. पत्रात लिहिलं होतं की हैसम हा माझ्या कारखान्यातला पूर्ण वेळ पगारी कारागीर आहे. खाली कारखान्याचा फोन. तो फोन नेहमी हैसमच उचलायचा, कारण बापाला कमी ऐकू यायचं. म्हातारा तोंड पुसत आला, जाकीट चढवलं, छातीवर सवयीनं हात फिरवून मोहोर चाचपली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं हैसमला झालं. तो पटाशीला धार लावत बसला, धार होती तरी.

पत्र अर्जाबरोबर कॅनडाला गेलं. काही महिने काहीच नाही. आणि मग एका दुपारी तो रास अल-बर्रला खुर्च्या पोचवून परत आला तर घरात मशब्बकचा पुडा फोडलेला. गल्लीच्या टोकावरच्या हलवायाचा, गरम, पाक गळणारा. आईच्या, नगातबाईंच्या, चेहऱ्यावर ईद. आणि बाप, जो दिवसा कधी घरी नसायचा, तो कोचावर मांडी घालून बसलेला.

"बस," हाज मुतवल्ली म्हणाले. "तोंड गोड कर."

"काय झालं बाबा?"

"चौकशी आली होती तुझी."

"कसली चौकशी?"

"कसली म्हणजे? आंधळा आहेस का? सोयरिकीची!" म्हाताऱ्यानं मिशीवरचा पाक पुसला. "कारखान्यात फोन आला. बाई होती. लेबनानी बोली, काय ते बोलणं, जसं लोणी! म्हणाली, कॅनडाहून बोलते. मी म्हटलं, अच्छा, पोरगी तिकडे वाढलेली दिसते. म्हणाली, हैसम मुतवल्ली तुमच्याकडे कामाला आहेत का? मी म्हटलं, बाई, जीभ आवरा! कामाला? मालक आहे तो, मालक! मीच त्याच्या दारात बसून दोन घास खातो."

हैसमच्या हातातला मशब्बकचा तुकडा हातातच राहिला.

"पुढे ऐक. म्हणाली, दिवसाला किती तास काम करतात? मी म्हटलं, मनात आलं तर येतो, नाही आलं तर नाही, त्याला विचारणारा कोण? म्हणाली, पगार किती? मला हसूच आलं. म्हटलं, पगारावर राहायची वेळ त्याच्या वैऱ्यावर येवो! तो दुसऱ्यांना पगार देतो." म्हातारा खूश होऊन मांडीवर थाप मारत होता. "मग म्हणाली, तुम्ही पत्र दिलंय ना? मी म्हटलं, पत्रबित्र आम्ही देत नाही, आमचा शब्द पुरे. गप्पच झाली. भारावली असणार."

आईनं लग्नघरातल्या बायकांसारखी जीभ हलवून आनंदाची किलकारी दिली. शेजारीण खिडकीतून विचारायला लागली, काय हो, कोणाचं ठरलं?

"बाबा," हैसम कसंबसं म्हणाला, "एवढं कशाला सांगितलंत?"

म्हाताऱ्याचा आवाज एकदम उतरला. "मागच्या वेळी पोर्ट सईदवाले आले होते. त्या पोरीच्या मामाला मी चहा पाजला आणि खरं खरं सांगितलं. पोरगा माझ्या हाताखाली आहे, कारखाना माझ्या नावावर, मी मेलो की तिघांत वाटणी. उठून गेले लोक. तू मला एका शब्दानं बोलला नाहीस. पण मला कळत नाही का? माझ्या जिभेनं तुझं घर मोडलं. या वेळी ती चूक केली नाही बाळा."

हैसमनं मशब्बक तोंडात कोंबली. नाहीतर काय करणार? गिळताना डोळ्यांत पाणी आलं. आईला वाटलं आनंदाचं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसं उगाच म्हणत नाहीत.

आठवडा नाही झाला तर रिफअतचा निरोप. हैसम गेला तेव्हा रिफअतनं दुकानाचं दार लोटून घेतलं, म्हणजे गोष्ट गंभीर होती.

"पत्र एक सांगतं आणि मालक दुसरंच सांगतो, असं कॅनडाच्या कचेरीनं लिहिलंय. सोमवारी दुपारी पुन्हा फोन करणार. या वेळी जुळलं तर ठीक. नाही जुळलं तर खोटा कागद दिल्याचा शेरा मारणार. मग कॅनडा विसर. तुझे केस पिकेपर्यंत विसर."

"पण मी काम केलंय रे!" हैसम ओरडला. "कोणालाही विचार! माझ्या हाताची कातडी बघ!"

"कातडीचा फोटो काढून पाठवू का?" रिफअत म्हणाला. मग त्यालाच वाईट वाटलं असावं. जवळ येऊन हळू म्हणाला, "एक करू. सोमवारी फोन मी उचलतो. म्हाताऱ्याचा आवाज काढतो. ती बाई काय ओळखणार?"

खरं सांगायचं तर त्याचं मन झालं होतं. हो म्हणणारच होता. पण बापाची मोहोर चोरली, आता आवाजही चोरायचा? मग त्या म्हाताऱ्याकडे आपलं असं राहिलं काय? स्वतःची एवढी किळस त्याला कधी आली नव्हती. तो उठला आणि थेट कारखान्यात गेला.

दुपार कलली होती. कारागीर बाहेर फळकुटांवर बसून चहा पीत होते. आत हाज मुतवल्ली एकटेच, सोफ्याच्या पायाला घासकागद मारत. हैसम समोर उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. कॅनडा, पत्र, मोहोर, ती बाई. बापाला ऐकू यावं म्हणून मोठ्यानं बोलावं लागत होतं, म्हणजे आपली चोरी ओरडून सांगावी लागत होती. बाहेरचे चहाचे घोट थांबलेले त्याला कळत होते.

म्हाताऱ्यानं घासकागद खाली ठेवला. जाकिटात हात घालून मोहोर बाहेर काढली, तिच्याकडे बघितलं.

"मागितली असतीस तर?"

"लाज वाटली, बाबा."

"आणि चोरताना नाही वाटली?"

हैसमनं मान खाली घातली.

"म्हणजे ती सोयरीक नव्हती," म्हातारा म्हणाला.

"नाही."

"मी अख्ख्या गल्लीत सांगितलं." हाज मुतवल्लींचे कान लाल झाले होते. सत्तरीतल्या माणसाचे कान असे लाल झालेले बघवत नाहीत. "बदीरलाही मशब्बक दिली."

त्यानंतर घरात कोणी कोणाशी बोललं नाही. नगातबाई दोघांच्या मध्ये ताट घेऊन फिरत होत्या. शेवटी शनिवारी त्या स्वतः हैसमच्या खोलीत आल्या आणि पलंगाच्या कडेवर बसल्या. "जातोस म्हणून रागावलेत असं समजू नकोस. जाणारी पोरं जातातच. ते मला म्हणतात, मी त्याला आयुष्यभर मालक केलं आणि त्याला नोकराचा दाखला चोरावासा वाटला, मग मी त्याला दिलं तरी काय?"

हैसम भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

रविवारी संध्याकाळी म्हातारा आपण होऊन आला. घसा खाकरला. "उद्या ती बाई काय काय विचारेल ते सांग. एकदाच सांगायचं, मी काही शाळेतला पोरगा नाही."

मग शिकवणी झाली. तास किती, सुट्टी कुठली, काम कुठलं. मजुरीच्या आकड्याशी आल्यावर म्हातारा अडला. "एवढीशी? माझ्याबद्दल काय म्हणतील? दुमियातवाले चिक्कू आहेत हे कॅनडालाही कळू दे का?"

"बाबा, पत्रात तेवढीच लिहिलीय."

"माझ्या मोहोरेखाली असला आकडा," म्हातारा पुटपुटला, पण आकडा पाठ केला.

"आणि खोटं काही बोलायचं नाही बाबा. मी काम केलंय हे खरंच आहे."

"काम केलंस," हाज मुतवल्ली म्हणाले. "नोकर नव्हतास."

"तिनं नातं विचारलं तर सांगा, मुलगा आहे, पण पगारी आहे. चालतं त्यांना. रिफअत शपथ घेऊन सांगतो, मुलगा असणं गुन्हा नाही."

म्हाताऱ्यानं मान हलवली. त्याला पटलं की नाही ते कळलं नाही. एकदा बाप म्हणून तोंड उघडलं तर पोरीकडचे उठून गेले, दुसऱ्यांदा उघडलं तर कॅनडा उठून चालला. तिसऱ्यांदा त्याला स्वतःच्या जिभेचा काय भरवसा वाटणार?

सोमवारी हाज मुतवल्ली इस्त्रीचा झगा घालून आले, डोक्यावर नवी टोपी. करवत बंद करायला लावली. सकाळपासून फोनशेजारी बसले, चहासुद्धा घेतला नाही. कारागिरांना बाहेर जा म्हटलं तर कोणी हललं नाही. बदीर कोपऱ्यात कापसाचा बोळा हातात धरून बसून राहिला. हैसम बापासमोर उभा.

फोन वाजला. म्हाताऱ्याला ऐकू यावं म्हणून त्या फोनचा आवाज एवढा मोठा ठेवलेला असायचा की सगळ्यांना सगळं ऐकू यायचं.

"हाज मुतवल्ली बोलतोय."

बाईनं ओळख दिली. मागच्या वेळी तुम्ही वेगळं सांगितलं होतंत, म्हणाली.

"मागच्या वेळी मी थट्टा केली, बाई. म्हातारा माणूस. करमत नव्हतं."

आयुष्यात कधी थट्टा न केलेला माणूस. बदीरनं मान दुसरीकडे वळवली. म्हाताऱ्यानं पुढचं सगळं बरोबर सांगितलं. तास सांगितले, सुट्टी सांगितली, मजुरीचा तो आकडा दात आवळून सांगितला. दर गुरुवारी मी माझ्या हातानं देतो, म्हणाला.

"आणि त्यांचं काम कसं आहे?" बाईनं विचारलं.

हे शिकवणीत नव्हतं. हाज मुतवल्लींनी हैसमकडे पाहिलं नाही. समोर अर्धवट कोरलेली सोफ्याची पाठ टेकवून ठेवली होती, तिच्याकडे पाहिलं.

"हात चांगला आहे," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा चांगला. माझ्या बापापेक्षाही, देव त्याला शांती देवो. मी कधी सांगितलं नाही त्याला. कारागिराला तोंडावर चांगलं म्हटलं की तो भाव वाढवून मागतो."

बाई हसली. चाळीस वर्षांत कोणाच्या कामाला त्या तोंडातून 'बरं' च्या पुढे शब्द गेला नव्हता. हैसमनं खालचा ओठ दातांखाली धरला.

"शेवटचा प्रश्न. आपलं नातं काय? त्यांच्या नावापुढे आपलं नाव दिसतंय."

आता म्हाताऱ्यानं हैसमकडे पाहिलं. हैसमनं मान हलवली: सांगा, सांगा, मुलगा म्हणून सांगा.

"काही नातं नाही," हाज मुतवल्ली म्हणाले. "मुतवल्ली नावाचे इथे पुष्कळ."

मग ती बाई अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "हाजी, मुलगा असला तरी चालतं. त्यानं काही बिघडत नाही."

म्हाताऱ्याला वाटलं, बाई फसवतेय. शब्दात पकडून पोराचं पुन्हा वाटोळं करतेय. त्यानं फोन दोन्ही हातांनी गच्च धरला आणि ओरडून सांगितलं, "मला मुलगा नाही, बाई! दोन मुली आहेत. हा कामगार आहे माझा."

हैसमचा हात उठला होता. फोन हाताच्या अंतरावर होता. हिसकावून घ्यायचा आणि म्हणायचं, मी त्यांचा मुलगा आहे, बस्स, एवढंच. पण त्यानं काय होईल, शेरा पडेल का, दार मिटेल का, हे सगळं तेवढ्यात त्याच्या डोक्यात येऊन गेलं आणि हात खाली आला. आपला हात खाली आलेला त्यानं पाहिला. बदीरनंही पाहिला.

"ठीक आहे," बाई म्हणाली. "तसं लिहून घेते. अर्ज पुढे जाईल."

फोन ठेवला गेला. कोणी करवत सुरू केली नाही. बदीर उठला आणि हैसमला वळसा घालून बाहेर गेला.

हाज मुतवल्लींनी टोपी काढून कपाळाचा घाम पुसला. पाठ केलेलं म्हणून दाखवल्यावर पोरगं मास्तरांकडे बघतं तसं हैसमकडे बघितलं.

"बरोबर सांगितलं ना रे? काही चुकलं नाही ना?"

बाबा म्हणायला हैसमला तोंड उरलं नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "काही चुकलं नाही."